शेन्झेन रिकाम्या जमिनीवर उभे राहिलेले नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोकरीनिमित्त मी गेली काही वर्षे दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहरात राहतो आणि आपले वृत्तपत्र इंटरनेटवरून नियमित वाचतो. मूळचा मी रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचा. चीनमधील शहरांविषयी मराठीत जे छापून येते, त्यात हाँगकाँगच्या सीमेला लागून असलेल्या शेन्झेनचा उल्लेख आला की एक वाक्य हमखास असते: चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी येथे मासेमारीचे एक लहानसे खेडे होते आणि आज तेथे पावणेदोन कोटी लोकांचे महानगर उभे आहे. मंत्र्यांची भाषणे, उद्योजकांचे परिसंवाद, अभ्यासदौऱ्याहून परतलेल्या लोकप्रतिनिधींच्या मुलाखती, सर्वत्र हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. नुकताच एक शनिवार-रविवार मी शेन्झेनमध्ये घालवला आणि उंच इमारती पाहण्यापेक्षा त्या शहराच्या पोटात शिल्लक राहिलेल्या जुन्या गावांत अधिक फिरलो. ते वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे आणि आपल्याकडे, विशेषतः माझ्या जिल्ह्यात, त्याने प्रत्यक्ष नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या बाओआन परगण्याचे १९७९ मध्ये ‘शेन्झेन शहर’ असे नामकरण झाले, त्याची लोकसंख्या त्या वेळी तीन लाखांहून अधिक होती. शेन्झेन हे त्या परगण्याचे मुख्य ठाणे होते. ते पूर्वी पश्चिमेकडील नानतोऊ येथे होते आणि १९५३ मध्ये शेन्झेनला हलवण्यात आले, कारण हाँगकाँग ते ग्वांगझू हा १९११ मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग शेन्झेनवरून जात होता आणि तेथे बाजाराची मोठी पेठ वसलेली होती. किनाऱ्यालगत कालवांची शेती होती, आत भातखाचरे होती, टेकड्यांच्या उतारावर लिचीच्या बागा होत्या. नानतोऊचा इतिहास तर इ. स. ३३१ पर्यंत मागे जातो. मिंग राजवटीत १५७३ मध्ये तेथे शिनआन परगण्याचे ठाणे झाले आणि आज ज्याला आपण हाँगकाँग म्हणतो तो सारा भूभाग ब्रिटिशांच्या ताब्यात जाण्यापूर्वी याच परगण्यात मोडत होता. १९५० ते १९७० या दशकांत येथील हजारो तरुण रात्रीच्या अंधारात खाडी पोहून हाँगकाँगला पळून जात असत आणि त्यात अनेकांचा जीव गेला. सीमेच्या अलीकडे, उद्योगांना करांत व नियमांत खास सवलती देणारे विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) उभारण्याची निकड सरकारला वाटली, त्यामागे हेही एक कारण होते. सांगायचे इतकेच की, २६ ऑगस्ट १९८० रोजी शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदेशीर दर्जा मिळाला तेव्हा त्या ३२७.५ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात घराण्यांची पूर्वजपूजेची कुलगृहे, देवळे, विहिरी आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी माणसे असलेली गावे ठिकठिकाणी नांदत होती.

ग्वांगझू दक्षिण स्थानकातून सुटलेली अतिवेगवान गाडी पाऊण तासाच्या आसपास शेन्झेनच्या मध्यभागी, फुतियान येथील जमिनीखालच्या स्थानकात पोचते. परदेशी नागरिकाचे पारपत्र हेच तिकीट असते आणि भाडे आपल्या हजार रुपयांच्या आतबाहेर पडते. वाटेत हूमेन नावाचे स्थानक लागते. १८३९ मध्ये लिन झश्यू या चिनी अधिकाऱ्याने इंग्रज व्यापाऱ्यांची जप्त केलेली अफू नष्ट केली ती याच ठिकाणी, आणि चीनमध्ये येणाऱ्या त्या अफूतील माळव्याचा मोठा हिस्सा मुंबई बंदरातून रवाना होत असे, हे मुंबईच्या वैभवाच्या इतिहासात आपण सहसा सांगत नाही. त्यापुढचे स्थानक ग्वांगमिंग जिल्ह्यातील. शहराच्या बांधकामांतून आणि भुयारी कामांतून निघालेल्या मातीचा आणि राडारोड्याचा या जिल्ह्यात रचलेला प्रचंड ढीग २० डिसेंबर २०१५ रोजी घसरला, खालच्या औद्योगिक वसाहतीतील ३३ इमारती गाडल्या किंवा मोडल्या गेल्या आणि ७७ जण मृत किंवा बेपत्ता झाले. शेन्झेनच्या वेगाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत या ढिगाचा उल्लेख मला अद्याप आढळलेला नाही.

पर्यटक जे पाहतात ते मीही पाहिले. लियानहुआ टेकडीवर चीनच्या आर्थिक सुधारणांचे प्रणेते तंग श्यावफिंग यांचा पुतळा आहे. तो २००० मध्ये उभारण्यात आला. पुतळ्यासमोरून फुतियानचे प्रशासकीय संकुल आणि ५९९ मीटर उंचीची पिंग आन इमारत दिसते. लोक तेथे छायाचित्रे काढतात आणि उतरतात. व्हाछियांगबेई हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार आपल्याकडील व्यापाऱ्यांना चांगला परिचयाचा आहे, त्यामुळे त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. हाताच्या पंजाएवढ्या गाळ्यात बसून मोबाइलचे सुटे भाग विकणारी माणसे आणि त्यांच्याभोवती सतत खोकी बांधणारी पोरे तेथे आजही आहेत. एक गोष्ट मात्र मनापासून नोंदवली पाहिजे. २०१७ च्या अखेरीस शेन्झेनने आपल्या सोळा हजारांहून अधिक शहर बसगाड्या पूर्णपणे विजेवर आणल्या आणि पुढील वर्ष-दीड वर्षात जवळपास सर्व टॅक्सीही. पुण्यात किंवा ठाण्यात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला भर रस्त्यावर उभे राहून शेजाऱ्याशी आवाज न चढवता बोलता येते, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही. बसच्या ताफ्याबाबत मुंबई-पुण्याने या शहराकडून शिकण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे आणि त्याबद्दल माझा कोणाशीही वाद नाही.

वाद आहे तो शहर कोणी वसवले, या प्रश्नाबाबत. पिंग आन इमारतीच्या परिसरातून दक्षिणेकडे भुयारी रेल्वेने थोडे अंतर गेले की श्वेइवेई नावाचे गाव लागते. गाव म्हणजे शब्दशः गाव: वेशीसारखी कमान, कुलगृह, मध्यभागी चौक, आणि त्याभोवती सहा, सात, आठ मजल्यांच्या सडपातळ इमारतींची इतकी दाटी की समोरासमोरच्या खिडक्यांतील माणसांनी हात पुढे केले तर एकमेकांना लागावेत. खालच्या गल्लीत ऊन पोचत नाही. डोक्यावर विजेच्या तारा आणि वाळत घातलेले कपडे, तळमजल्यावर न्हावी, शिंपी, किराणा, औषधे, हुनान, सछ्वान आणि चाओशानच्या खानावळी, दारांवर चिकटवलेल्या कागदांवर खोली भाड्याने देणे असल्याची सूचना आणि फोन क्रमांक. ग्वांगझूमध्ये कानावर पडते ती कँटोनीज येथे क्वचितच ऐकू येते. सर्वत्र प्रमाण चिनी बोलली जाते, कारण राहणारा जवळपास प्रत्येक माणूस दुसऱ्या कुठल्या तरी प्रांतातून आलेला आहे आणि घरमालक तेवढे मूळ गावकरी.

शहराने चहूबाजूंनी वेढलेली अशी ‘नागरी गावे’ शेन्झेनमध्ये एक-दोन नाहीत, तीनशेहून अधिक आहेत, आणि शहराच्या निम्म्या लोकसंख्येच्या आसपास माणसे त्यांत भाड्याने राहतात असे येथील अभ्यासक अनेक वर्षे सांगत आले आहेत. त्यांची घडण कशी झाली हे समजून घेतल्याशिवाय शेन्झेन समजत नाही. सरकारने आर्थिक क्षेत्रासाठी शेते घेतली तेव्हा दिलेला मोबदला तुटपुंजाच होता, परंतु गावठाण, घरांसाठी राखून दिलेले भूखंड आणि गावाच्या सामाईक मालकीची काही औद्योगिक जमीन गावकऱ्यांकडे राहिली. सामाईक जमिनीवर गावांनी कारखान्यांचे गाळे बांधून हाँगकाँगच्या उद्योजकांना भाड्याने दिले, आणि पुढे १९९२ मध्ये आर्थिक क्षेत्राच्या हद्दीतील गावांची शेतजमीन शासकीय होऊन गावकरी कागदोपत्री शहरवासी झाले तेव्हा गावाचा सामाईक कारभार भागधारक कंपन्यांत रूपांतरित झाला. मूळ गावकरी त्यांचे भागधारक झाले आणि आजही त्यांना वार्षिक लाभांश मिळतो. राहत्या भूखंडांवर घर किती मजली असावे याला नियमांची मर्यादा होती, पण कारखान्यांत रोज नव्याने येणाऱ्या मजुरांना राहायला जागा हवी होती आणि ती ना सरकार देत होते ना बांधकाम कंपन्या. कारखान्यांची सामाईक निवासगृहे होती, मात्र कुटुंब करून राहायचे असेल किंवा नोकरी सुटली तर तेथून बाहेर पडावे लागे. तेव्हा गावकऱ्यांनी मजल्यावर मजले चढवले, नियमांना पुरते धाब्यावर बसवून चढवले, आणि सरकारने कधी दंड घेऊन, कधी पाडकामाच्या धमक्या देऊन, बहुतेक वेळा डोळेझाक करून ते चालू दिले.

माझ्या दृष्टीने शेन्झेनच्या कहाणीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. तीन दिवसांत एक मजला या वेगाने बांधलेली ५३ मजली ग्वोमाओ इमारत १९८५ मध्ये पूर्ण झाली आणि ‘शेन्झेनचा वेग’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. पण ती बांधणारे मजूर, नंतर तिच्यात झाडलोट करणारे, जेवण पोचवणारे, हिशेब लिहिणारे आणि पुढच्या पिढीतील संगणक अभियंतेसुद्धा, शहरात पहिले पाऊल टाकले तेव्हा याच बेकायदा मजल्यांवरील खोल्यांत राहिले. माझ्या कार्यालयातील ज्या चिनी सहकाऱ्यांनी शेन्झेनमध्ये नोकरीला सुरुवात केली, त्यांच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात अशा एखाद्या गावाचे नाव येतेच. कोणत्याही आराखड्यात नसलेली, कोणत्याही उद्घाटनाची फीत न कापलेली ही गृहनिर्माण योजना गावकऱ्यांनी स्वतःच्या लोभापायी का होईना, पार पाडली. आणि लोभापायी झाली म्हणून तिचे महत्त्व कमी होत नाही.

श्वेइवेईमध्ये फुतियान जिल्हा प्रशासनाने अलीकडे एक प्रयोग केला आहे. दाटीवाटीच्या २९ इमारती न पाडता त्या भाड्याने घेऊन दुरुस्त करण्यात आल्या, उद्वाहने बसवली, इमारतींना जोडणारे पूल टाकले, रंगरंगोटी केली आणि त्यांतून ५०४ लहान सदनिका तयार झाल्या. वास्तुरचनाकार हा प्रयोग पाहायला आवर्जून येतात आणि तो पाहण्यासारखा आहेही. मात्र त्या सदनिका पदवीधर आणि कुशल नोकरदारांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्याच इमारतींत पूर्वी राहणारी भाजीविक्रेती किंवा सामान पोचवणारा मुलगा त्या यादीत बसत नाही. पाडण्यापेक्षा दुरुस्ती बरी, हे मान्य करूनही दुरुस्तीनंतर जागा कोणाच्या हाती जाते हे विचारले पाहिजे, आणि हा प्रश्न मुंबईच्या चाळींच्या पुनर्विकासालाही तितकाच लागू आहे.

रविवारी नानतोऊला गेलो. मिंगकालीन वेस अजून उभी आहे आणि तिच्या आत अगदी अलीकडेपर्यंत भाडेकरूंनी गजबजलेले एक गाव होते. २०१७ मध्ये शेन्झेन-हाँगकाँग नगररचना व वास्तुकला द्वैवार्षिकाचे मुख्य प्रदर्शन येथेच भरले आणि त्यानंतर मुख्य रस्ता इतका देखणा करण्यात आला की आता तेथे कॉफीची दुकाने, मातीच्या भांड्यांची दालने आणि मोबाइल उंचावून चालणारी तरुण मंडळी यांचीच वर्दळ असते. मुख्य रस्ता सोडून आडव्या गल्लीत शिरलो तेव्हा खरे नानतोऊ भेटले. शेवयांच्या एका लहानशा खानावळीत मालकीणबाईंशी माझ्या मोडक्यातोडक्या चिनीतून बोलणे झाले. त्या हुनान प्रांतातून आलेल्या, नवऱ्यासह वरच्याच इमारतीत राहणाऱ्या, शेन्झेनमध्ये येऊन निम्मे आयुष्य गेलेल्या. मुलगा मात्र प्राथमिक शाळेची सगळी वर्षे गावी आजी-आजोबांकडे होता. येथील सरकारी शाळेत प्रवेश घर, कुटुंबाची नोंदणी आणि विम्याचे हप्ते यांवर मिळणाऱ्या गुणांनुसार होतो आणि तेवढे गुण त्यांच्याकडे जमले नव्हते. रस्ता सुंदर झाल्यापासून गिऱ्हाईक वाढले का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की गिऱ्हाईक वाढले, आणि भाडेही वाढले.

‘जो येथे आला तो शेन्झेनचा’ अशा अर्थाची एक घोषणा शहरात लोकप्रिय आहे. ती ऐकायला छान वाटते, परंतु २०२० च्या जनगणनेत मोजल्या गेलेल्या १ कोटी ७५ लाखांहून अधिक रहिवाशांपैकी शहराची कायम नोंदणी असलेले लोक एक तृतीयांशाच्या आसपासच होते. उरलेल्यांना शाळा, घरकुल, काही प्रमाणात आरोग्यसेवा यांसाठी वेगळ्या रांगेत उभे राहावे लागते. पूर्वी तर आर्थिक क्षेत्राभोवती सुमारे ८५ किलोमीटर लांबीचे तारेचे कुंपण होते आणि चीनच्याच नागरिकांना आत येण्यासाठी परवाना दाखवावा लागे. ही व्यवस्था औपचारिकरीत्या संपुष्टात आली ती २०१८ मध्ये. परप्रांतीयांवरून आपल्याकडे जे राजकारण चालते त्याला वैतागून काही जण चीनचे उदाहरण देतात. त्यांनी हे कुंपण लक्षात ठेवावे.

नानतोऊहून बायशीझोऊ भुयारी रेल्वेने फार दूर नाही. हे शेन्झेनमधील सर्वांत मोठ्या नागरी गावांपैकी एक होते. अडीच हजारांच्या आसपास इमारती आणि अंदाजे दीड लाख माणसे तेथे राहत. जवळच विज्ञान-तंत्रज्ञान उद्यान असल्याने नव्याने आलेल्या अभियंत्यापासून हातगाडीवाल्यापर्यंत सगळे तेथे खोली घेत. २०१९ मध्ये पुनर्विकासासाठी भाडेकरूंना जागा रिकाम्या करण्याच्या नोटिसा मिळू लागल्या. घरमालक गावकऱ्यांना बदल्यात सदनिका आणि पैसा मिळणार होता आणि त्यातील काही जण कोट्यधीश झाले. भाडेकरूंना मिळाली ती मुदत. शाळेचे वर्ष मध्येच सोडून मुलांना कुठे न्यायचे, या चिंतेने पालकांनी त्या वेळी निदर्शनेही केली होती. आज तेथे उंच कुंपणाआड बांधकामाच्या यारी (क्रेन) आणि नवे मनोरे दिसतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात निदान ठरावीक तारखेपूर्वीच्या रहिवाशाला, मग ते घर त्याच्या मालकीच्या जमिनीवर नसले तरी, काही हक्क मानलेला आहे. त्या योजनेतील गैरव्यवहार आपण सारे जाणतो, तरीही तत्त्व म्हणून आपली व्यवस्था येथे उजवी आहे असे मी म्हणेन, आणि हे म्हणताना मला आश्चर्यही वाटते. अर्थात शेन्झेनलाही या पाडकामांची किंमत उमगू लागली असावी, कारण २०१९ मध्येच शहराने एक आराखडा जाहीर करून नागरी गावांच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर २०२५ पर्यंत सरसकट पाडकाम न करता दुरुस्तीचाच मार्ग धरण्याचे ठरवले.

संध्याकाळी शकोऊला गेलो, कारण विशेष आर्थिक क्षेत्राच्या कल्पनेचा प्रारंभ तेथूनच झाला. १९७९ च्या उन्हाळ्यात तेथील टेकडीला सुरुंग लावून २.१४ चौरस किलोमीटरच्या औद्योगिक वसाहतीचे काम सुरू झाले. ते चालवणारे युआन गंग हे अत्यंत धडाडीचे गृहस्थ होते आणि ‘वेळ म्हणजे पैसा, कार्यक्षमता म्हणजे जीवन’ हा त्यांचा फलक त्या काळी चीनमध्ये मोठ्या वादाचा विषय झाला होता. फ्रान्समध्ये १९६२ च्या सुमारास बांधलेले मिंगहुआ हे प्रवासी जहाज १९८३ मध्ये येथे आणून कायमचे नांगरले गेले. पुढे भोवतालच्या समुद्रात भराव पडत गेला आणि आज ते जहाज उपाहारगृहांच्या मधोमध, किनाऱ्यापासून आत, जमिनीवर उभे आहे. शकोऊ मात्र फार लहान होते आणि तेथील व्यवस्था वेगळ्या धाटणीची होती. आपल्याकडील धोरणकर्त्यांनी डोळ्यांसमोर ठेवले ते संपूर्ण शेन्झेन.

आता माझ्या जिल्ह्याविषयी. २००० मध्ये तत्कालीन केंद्रीय वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांनी विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण जाहीर केले, त्यामागे चीनमधील क्षेत्रांचे, मुख्यतः शेन्झेनचे उदाहरण होते. २००५ मध्ये कायदा झाला. त्याच सुमारास महाराष्ट्रात ‘मुंबईचे शांघाय’ करण्याच्या घोषणा दिल्या जात होत्या आणि पेण, उरण, पनवेल या तालुक्यांतील गावांवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची टांगती तलवार होती. त्या काळात आमच्या भागात जी भाषणे झाली त्यांत शेन्झेन हटकून असे आणि सूर असा असे की, तेथे कोळ्यांचे एक खेडे होते, त्याचे महानगर झाले, तुम्ही कसले भाताचे पेंढे धरून बसला आहात! हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांच्या शेतकऱ्यांना अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी आपले मत नोंदवण्याची संधी मिळाली; प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते त्या लढ्यात होते आणि तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. तेव्हा आम्ही शिकलेली मुले काहीशी गोंधळलेली होतो, कारण एकीकडे बापजाद्यांची शेती होती आणि दुसरीकडे शेन्झेनचे ते झगमगते चित्र होते.

त्या चित्रात जे दाखवले नव्हते ते असे. शेन्झेनमध्ये गावे उठवून शहर झाले नाही. गावे राहिली, आणि त्यांच्यामुळे शहर झाले. जमीन घेताना अन्याय झाला, पण गावकऱ्याच्या हाती राहते भूखंड आणि सामाईक जमीन राहिली व शहराच्या वाढीतील वाटा त्याला दरवर्षी मिळत राहिला. आपल्या विशेष आर्थिक क्षेत्रांच्या प्रस्तावांत शेतकऱ्याचे स्थान एकरकमी मोबदला घेऊन बाजूला होणाऱ्या माणसाचे होते, फार तर घरातील एकाला नोकरीचे आश्वासन. शिवाय शेन्झेनचे क्षेत्र तीनशेहून अधिक चौरस किलोमीटरचे, म्हणजे एका संपूर्ण शहराएवढे आणि सरकारच्या नियंत्रणाखालील होते, तर आपल्याकडे २००७ मध्ये एका क्षेत्राला पाच हजार हेक्टरची, म्हणजे पन्नास चौरस किलोमीटरची कमाल मर्यादा घालावी लागली आणि त्यांतील बहुतेक क्षेत्रे खासगी विकासकांची होती. ही दोन्ही एकाच नावाने ओळखली जातात, यापलीकडे त्यांच्यात फारसे साम्य शोधता येत नाही.

खरे साम्य दिसते ते नवी मुंबईशी, आणि त्याकडे आपण कधीच पाहिले नाही. सिडकोने १९७० नंतर ज्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या, त्या गावांनीही वाढत्या कुटुंबासाठी आणि भाड्यासाठी घरे बांधली. त्यांना शासनाच्या भाषेत ‘गरजेपोटी केलेली बांधकामे’ म्हणतात आणि त्यांच्या नियमितीकरणाचे निर्णय वर्षानुवर्षे निघत, अडकत आणि पुन्हा निघत आले आहेत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी मरण पावले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेचा मार्ग मोकळा झाला. आज घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे येथील गावठाणांत जाऊन पाहिले तर नवी मुंबईच्या कारखान्यांत, बाजार समितीत आणि संगणक कंपन्यांच्या कार्यालयांत काम करणारी किती माणसे त्या घरांत भाड्याने राहतात हे दिसेल. श्वेइवेईच्या गल्लीत उभे राहिल्यावर मला घणसोलीची आठवण आली ती याचमुळे. तिकडे या घरांचा अभ्यास होतो, द्वैवार्षिक प्रदर्शने भरतात. इकडे त्यांची आठवण प्रशासनाला होते ती अतिक्रमण विरोधी पथक पाठवताना.

माझ्या या लिखाणावरून शेन्झेनची पद्धत आदर्श होती असा अर्थ कोणी काढू नये. पेणच्या बावीस गावांना जसे मत नोंदवता आले तसे तेथे एकाही गावाला नोंदवता आले नसते, आणि बायशीझोऊच्या भाडेकरूंची बाजू सातत्याने मांडणारे स्वतंत्र वृत्तपत्रही त्यांना उपलब्ध नव्हते. चीनमधील शहरी जमीन शासनाच्या मालकीची आहे. १ डिसेंबर १९८७ रोजी शेन्झेनमध्ये जमिनीच्या वापरहक्काचा पहिला जाहीर लिलाव झाला आणि त्यानंतर काही महिन्यांनी देशाची राज्यघटनाच दुरुस्त करण्यात आली, हा क्रम आपल्याकडे कल्पनेतही बसणार नाही आणि बसू नये. म्हणून तेथील कायदा उचलून येथे आणा, असे मी म्हणत नाही. पण उदाहरण द्यायचेच असेल तर ते पुरे द्यावे.

आपल्या वृत्तपत्राकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे. महापालिकांचे पदाधिकारी आणि अधिकारी यांचे चिनी शहरांतील दौरे यापुढेही होत राहतील, आणि त्यांच्या बातम्याही आपण छापाल. त्या बातमीदारांनी परतलेल्या पाहुण्यांना पिंग आन इमारतीची उंची विचारण्याऐवजी, आपण तेथील एखाद्या नागरी गावात गेलात का, तेथे खोलीचे भाडे किती आहे, गावाची भागधारक कंपनी लाभांश किती देते आणि भाडेकरूंच्या मुलांना शाळा कोणती मिळते, एवढे प्रश्न विचारावेत. तसेच नवी मुंबईतील गावठाणांत भाड्याने राहणाऱ्यांची संख्या, त्यांचे व्यवसाय आणि त्यांना भरावे लागणारे भाडे यांवर आपल्या प्रतिनिधींनी एखादी लेखमाला करावी. विमानतळामुळे उलवे आणि पनवेल परिसरातील जमिनींचे भाव ज्या गतीने चढत आहेत ते पाहता, ही माहिती गोळा करण्याचे काम लवकर हाती घ्यावे लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पेण तालुक्यातील एक वाचक
(सध्या मुक्काम ग्वांगझू, चीन)